सवलतीची स्तुती : ‘द अल्ट्रा-व्हायोलन्स’ या ध्वनिमुद्रिकेचे पुनर्मूल्यमापन

१

ज्या कलाकृतीविषयीचे पहिले वाक्य तिच्या कर्त्याच्या वयाविषयी असते, तिच्याविषयी दुसरे वाक्य बहुधा लिहिलेच जात नाही. कर्त्याचे कोवळे वय ऐकून वाचक आश्चर्य करतो, टीकाकार कौतुक करतो आणि दोघेही आपले कर्तव्य झाले असे समजून पुढच्या विषयाकडे वळतात. कृती मात्र होती तेथेच, न तपासलेली, पडून राहते. निंदेने कृतीवर जो अन्याय होतो, त्याचे निराकरण करता येते. कारण निंदकाला निदान कारणे द्यावी लागतात. कौतुकाने होणारा अन्याय कोणी अन्याय म्हणून ओळखतच नाही.

‘डेथ एंजल’ या अमेरिकन वाद्यवृंदाची ‘द अल्ट्रा-व्हायोलन्स’ ही पहिली ध्वनिमुद्रिका १९८७ साली एनिग्मा या स्वतंत्र कंपनीने प्रसिद्ध केली. तिच्यासंबंधी आजपर्यंत जे लिहिले गेले आहे, त्यात दोन गोष्टी हटकून सांगितल्या जातात. एक अशी की, ध्वनिमुद्रणाच्या वेळी या वृंदातील तालवादक अँडी गेलियन अवघा चौदा वर्षांचा होता आणि इतरांपैकीही कोणी विशी ओलांडलेली नव्हती. दुसरी अशी की, हे पाचही जण फिलिपिनो वंशाचे व एकमेकांचे नात्यातले होते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु त्या सांगून झाल्यावर ध्वनिमुद्रिकेत नेमके काय आहे, हे सांगण्याची आवश्यकता फारच थोड्यांना वाटलेली दिसते. थ्रॅश मेटल या संगीतप्रकाराचा इतिहास मेटॅलिका, स्लेयर, मेगाडेथ व अँथ्रॅक्स या चार नावांभोवती पक्का होऊन बसला आहे. २०१० साली हे चारही वृंद वॉर्सा, सोफिया इत्यादी शहरांत एकाच व्यासपीठावर आले, तेव्हा तर त्या चतुष्टयावर जणू शिक्कामोर्तबच झाले. या इतिहासात ‘डेथ एंजल’ची जागा तळटीपेची आहे, आणि त्या तळटीपेतही त्यांच्या कृतीपेक्षा त्यांच्या जन्मसालांनाच अधिक स्थान आहे.

साहित्याच्या नियतकालिकात अशा संगीताची चर्चा कशासाठी, असा प्रश्न आमच्या काही वाचकांच्या मनात उभा राहील. त्याचे उत्तर असे की, येथे जो प्रश्न उपस्थित होतो तो मुळात मूल्यमापनाचा आहे, आणि तो आम्हां सर्वांच्या रोजच्या व्यवसायातला आहे. शिवाय हे संगीत आमच्या विद्यार्थ्यांच्या कानांना मुळीच परके राहिलेले नाही. २०११ साली मेटॅलिकाचा जलसा बेंगळुरास झाला, आणि मुंबईत तर ‘भयानक मौत’ अशा नावाचा एक वृंद या परंपरेत निर्माण झाला. ज्या कलेत आपले विद्यार्थी रमतात, तिला केवळ गोंगाट म्हणून दूर सारण्याचा अधिकार अध्यापकाला ती एकदा लक्षपूर्वक ऐकल्यावरच प्राप्त होतो.

२

प्रथम या संगीतप्रकाराचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. थ्रॅश मेटल हा प्रकार १९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेत आकारास आला. इंग्लंडमधील नव्या हेवी मेटल वृंदांची दुहेरी गिटारींची सफाई आणि पंक संगीताचा वेग व उद्धटपणा, या दोहोंच्या संयोगातून तो जन्मला. मेटॅलिका हा वृंद १९८३ साली लॉस एंजलिस सोडून सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवतालच्या प्रदेशात स्थायिक झाला. त्याच वर्षी त्याची ‘किल ’एम ऑल’ ही पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, आणि तेव्हापासून हा प्रदेश या संगीताचे प्रमुख पीठ ठरला. ‘एक्झोडस’ या वृंदाची ‘बॉन्डेड बाय ब्लड’ १९८५ साली आली. १९८६ साली मेटॅलिकाची ‘मास्टर ऑफ पपेट्स’ व स्लेयरची ‘रेन इन ब्लड’ अशा दोन कृती प्रसिद्ध झाल्या, आणि या प्रकाराचे मानदंड त्या वर्षी जवळजवळ निश्चित झाले.

या संगीताचा मूळ घटक म्हणजे रिफ, अर्थात गिटारीच्या जाड तारांवर वाजविलेली व पुनःपुन्हा येणारी लहानशी स्वराकृती. वादक आपल्या उजव्या तळव्याची कड तारांच्या बुडाशी टेकवून आघात करतो. त्यामुळे स्वर रेंगाळत नाही, तुटक व घट्ट वाजतो, आणि गिटार हे तंतुवाद्य असूनही अर्ध्याअधिक प्रमाणात तालवाद्याचे काम करू लागते. यंत्राच्या साहाय्याने ध्वनी मुद्दाम विकृत केलेला असतो. अशा विकृत ध्वनीत तीन-चार भिन्न स्वर एकत्र वाजविले तर त्यांचा चिखल होतो. म्हणून वादक बहुधा मूळ स्वर व त्याचा पंचम एवढाच मेळ वापरतात. आमच्या तंबोऱ्याच्या जोडीशी परिचित असलेल्या श्रोत्याला हे ऐकून नवल वाटेल, परंतु या कर्कश वाटणाऱ्या संगीताचा पायाही षड्ज-पंचमाच्या संवादावरच उभारलेला आहे. तालाच्या बाजूने पायाने वाजविण्याचा मोठा ढोल व हाताखालचा लहान कडक ढोल यांचे आघात एकाआड एक, द्रुत लयीत पडत राहतात. रिफची बांधणी व हा ताल यांच्यातील नेमकेपणा हीच या प्रकारातील कारागिरीची पहिली कसोटी होय. वेग वाढला की चूक झाकली जाते असे बाहेरच्याला वाटते; प्रत्यक्षात वेग जितका अधिक तितकी दोन वादकांमधील तिळभर तफावतही कानाला अधिक बोचते.

३

‘डेथ एंजल’ची स्थापना १९८२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस लागून असलेल्या डेली सिटी या गावी झाली. रॉब कॅव्हेस्टानी व गस पेपा हे गिटारवादक, डेनिस पेपा हा मंद्र गिटार वाजविणारा आणि अँडी गेलियन हा तालवादक, असे हे चार भाऊ प्रथम एकत्र आले. पुढे १९८४ साली नात्यातलाच मार्क ओसेग्वेडा गायक म्हणून त्यांना मिळाला. मेटॅलिकाचा गिटारवादक कर्क हॅमेट याच्या देखरेखीखाली त्यांनी ‘किल ॲज वन’ या नावाची एक नमुना-फीत तयार केली. त्या काळी अशा फिती रसिक मंडळी टपालाने एकमेकांना पाठवीत, त्यांच्या प्रतींवरून आणखी प्रती काढीत, आणि त्यामुळे तबकडी निघण्यापूर्वीच एखाद्या वृंदाचे नाव दूरवर पसरत असे. ‘डेथ एंजल’ची कीर्ती अशीच पसरली आणि तिच्या बळावर १९८७ ची ही ध्वनिमुद्रिका निघाली. डेव्ही वेन या सॅन फ्रान्सिस्कोच्याच कलावंताने वृंदाबरोबर तिची निर्मिती केली.

तिच्यात आठ रचना आहेत. पहिली ‘थ्रॅशर्स’ ही सात मिनिटांहून अधिक लांबीची आहे, आणि गायकाचा प्रवेश होण्यापूर्वी बराच अवकाश वाद्यांनाच दिलेला आहे. नवोदितांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचा आरंभ सामान्यतः श्रोत्याला तत्काळ पकडून ठेवणाऱ्या छोट्या रचनेने करण्याची रीत असते. येथे मात्र एकामागून एक रिफ मांडून, प्रत्येकाला थोडे फिरवून, मग पुढच्याची पायरी गाठण्याचा संथ धीर दिसतो. हा धीर वेगाच्या पोटात असल्यामुळे सहसा लक्षात येत नाही. ‘ईव्हिल प्रीस्ट’ व ‘व्होरेशस सोल्स’ या पुढील दोन रचना अधिक आटोपशीर आहेत. पहिलीचा विषय दुष्ट धर्मोपदेशक, तर दुसरीचा कधीही न शमणारी आसुरी भूक. चौथी ‘किल ॲज वन’. तिच्याकडे आम्ही पुढे परत येणार आहोत.

पाचवी रचना ध्वनिमुद्रिकेचेच नाव धारण करणारी, साडेदहा मिनिटांची व पूर्णपणे शब्दविरहित आहे. शब्दविरहित दीर्घ रचनेची प्रथा या मुलांनी प्रथम सुरू केली असे नाही. मेटॅलिकाने १९८४ व १९८६ या दोन्ही वर्षांच्या ध्वनिमुद्रिकांत तशा रचना दिलेल्या होत्या. परंतु मेटॅलिकाने तशी रचना ध्वनिमुद्रिकेच्या शेवटी किंवा शेवटाजवळ ठेवली. ‘डेथ एंजल’ने ती अगदी मध्यभागी ठेवली आणि तिच्यावरूनच साऱ्या कृतीला नाव दिले. शेजारी ठेवून पाहिले असता हे धाडस स्पष्ट होते : स्लेयरची संपूर्ण ‘रेन इन ब्लड’ सुमारे एकोणतीस मिनिटांत संपते, म्हणजे या मुलांनी तेवढ्या काळाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक वेळ एका निःशब्द रचनेला दिला.

या रचनेचे परीक्षण करताना आम्हांस बा. सी. मर्ढेकरांनी सांगितलेल्या लयतत्त्वांचा उपयोग करावासा वाटतो. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात त्यांनी संवाद, विरोध व समतोल ही तीन तत्त्वे सौंदर्याच्या बांधणीच्या मुळाशी मानली आहेत. प्रस्तुत रचनेत दोन गिटारी कित्येकदा एकाच स्वराकृतीवर अशा जुळतात की वादक दोन आहेत हे कळू नये. हा संवाद होय. मग एक गिटार ती आकृती धरून ठेवते आणि दुसरी तिच्यावरून मोकळी, गात असल्यासारखी वाहू लागते. द्रुत भागाच्या लगत मंद भाग येतो, आणि त्या मंदपणामुळे मागच्या वेगाचा अर्थ बदलतो, हा विरोध. राहता राहिला समतोल. येथे ध्रुवपद नाही, गायक नाही, कथानकाचा आधार नाही. तरीही लय कितीदा बदलली तरी श्रोत्याची वाट चुकत नाही, कारण प्रत्येक नवा भाग मागच्या भागातील एखाद्या आघाताच्या वळणातून निघाल्यासारखा भासतो. साडेदहा मिनिटांपर्यंत असा तोल सांभाळणे ही सहजस्फूर्तीची गोष्ट नसून बुद्धिपुरस्सर केलेल्या रचनेची आहे. यात वयाचे आश्चर्य बाजूला ठेवूनही सांगण्यासारखे पुष्कळ आहे, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे.

४

आता विषयाच्या प्रश्नाकडे वळू. ‘अल्ट्रा-व्हायोलन्स’ हा शब्द अँथनी बर्जेस यांच्या १९६२ सालच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ या कादंबरीमुळे प्रचारात आला, आणि १९७१ सालच्या स्टॅन्ली कुब्रिक यांच्या चित्रपटाने तो सर्वतोमुखी झाला. त्या कादंबरीचा निवेदक आरंभी पंधरा वर्षांचा आहे. हिंसा व संगीत या दोहोंची त्याला सारखीच ओढ असून बीथोव्हेनच्या रचना ऐकताना त्याच्या मनात रक्तपाताची चित्रे उभी राहतात. आपल्याच वयाच्या नायकाचा हा शब्द या मुलांनी उचलावा, हे समजण्यासारखे आहे. पण तो शब्द त्यांनी नेमका निःशब्द रचनेला द्यावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

या ध्वनिमुद्रिकेवर घेण्यात येणारा नित्याचा आक्षेप असा की, तिच्यात हत्या, रक्त, नरमांस यांवाचून दुसरे काही नाही. गीतांच्या शब्दांपुरता हा आक्षेप खरा आहे. आमच्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर शब्दांनी येथे रौद्र व बीभत्स या रसांचा दावा मांडलेला आहे. रौद्राचा स्थायिभाव क्रोध आणि बीभत्साचा जुगुप्सा. परंतु ही ध्वनिमुद्रिका आरंभापासून शेवटपर्यंत ऐकणाऱ्या श्रोत्याच्या मनात क्रोध उत्पन्न होत नाही आणि किळसही उत्पन्न होत नाही. जे उत्पन्न होते, ते नाट्यशास्त्राने वीररसाचा स्थायी म्हणून सांगितलेल्या उत्साहाच्या अगदी निकटचे आहे. स्वर उंचावत जातात, ताल पुढे ओढतो, आणि श्रोत्याला कोणाला मारावेसे न वाटता आपणही उठून या लयीत सामील व्हावे असे वाटते. म्हणजे शब्द एका रसाचे आहेत आणि नाद दुसऱ्या रसाचा.

आमच्या मते या कृतीचे गुण व दोष समजून घेण्याची किल्ली येथेच आहे. जेथे शब्द व नाद यांची फारकत होते तेथे ती उणी पडते. जेथे ते एक होतात, किंवा शब्द बाजूला सरतात, तेथे ती आपल्या खऱ्या उंचीवर जाते. ‘मिस्ट्रेस ऑफ पेन’ ही सहावी रचना पहिल्या प्रकारची. तिच्यातील क्रौर्य पुस्तकी आहे. ज्या यातनेविषयी गायक बोलतो ती त्याने कधी पाहिलेली नाही, कल्पिलेलीही नाही. त्या वेळच्या अशा गीतांत ती असे, म्हणून येथेही आली. ‘व्होरेशस सोल्स’मध्येही बीभत्साची सामग्री यादीसारखी मांडलेली आहे आणि तिला विभावाचे बळ येत नाही. रचनेची चाल उत्तम, रिफ खणखणीत, आणि शब्द मात्र कोणीही घालावेत असे.

याच्या उलट ‘किल ॲज वन’. येथेही विषय हत्येचाच आहे, परंतु नावातील जोर ‘मारण्या’वर नसून ‘एक होण्या’वर आहे. पाच जण एका आघातावर येतात, एका आघातावर थांबतात, आणि पुन्हा एकत्रच उसळतात. शब्द जे सांगतात तेच वादन करून दाखविते. हिंसा ही येथे केवळ निमित्त होऊन उरते, आणि एकजुटीचा आनंद हा खरा विषय प्रकट होतो. ‘थ्रॅशर्स’ ही रचनाही अशीच सुटते, कारण तिचा विषय म्हणजे हे संगीत ऐकावयास जमणारा समुदायच आहे. ढकलाढकली करीत नाचणाऱ्या त्या गर्दीचे वर्णन या संगीताच्या नादात सहज सामावते. आणि निःशब्द रचनेत तर फारकतीचा प्रश्नच उरत नाही. ‘अतिहिंसा’ असे नाव दिलेल्या रचनेत हिंसेचा एकही शब्द नाही. आहे ती केवळ शक्ती, तिला लावलेली शिस्त, आणि त्या शिस्तीतून झालेले रूपांतर.

५

दोषांचा उल्लेख वर आला आहेच; आणखी दोन सांगून टाकतो. ओसेग्वेडाचा आवाज उंच, टोकदार व निर्भय आहे. त्याच्या किंचाळीतही स्वराचे भान सुटत नाही. परंतु या ध्वनिमुद्रिकेत तो उंचीवर इतक्या वेळा जातो की त्या उंचीचे मोल उतरते. तार सप्तकात सतत राहणाऱ्या गवयाला तार षड्जाचा परिणाम साधता येत नाही, हे आमच्या श्रोत्यांना निराळे सांगावयास नको. दुसरा दोष ध्वनीच्या भरदारपणाचा. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ ऐकताना गिटारींच्या मागे जी भिंतीसारखी घनता जाणवते, ती येथे नाही. येथील ध्वनी सडसडीत आहे. मात्र या सडसडीतपणामुळे प्रत्येक वाद्याची हालचाल उघडी पडते, आणि उघडी पडूनही ती निर्दोष ठरते, हे वादकांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. सहा मिनिटांची ‘फायनल डेथ’ ही सातवी रचना या दृष्टीने पुन्हा ऐकावी. ध्वनिमुद्रिकेच्या अखेरीस येणारी दोन मिनिटांहून अल्प अशी ‘आय. पी. एफ. एस.’ ही रचना मात्र गंभीर विचारास पात्र नाही. एवढ्या ताणानंतर मुलांनी मारलेली ती एक उडी समजावी.

६

आता ज्या दोन गोष्टींनी या कृतीला झाकून टाकले त्यांचा हिशेब करू. कर्त्याचे चरित्र टीकेत आणूच नये, असा आमचा आग्रह नाही. आमचे म्हणणे एवढेच की, चरित्रातील जी गोष्ट कृतीत ऐकू येते तेवढीच टीकेच्या कामाची. बाकीची वार्ताहराच्या कामाची.

या कसोटीवर वयाची गोष्ट टिकत नाही. गीतांतील पुस्तकी क्रौर्यात वय ऐकू येते, हे खरे. पण ते दोषाच्या बाजूला. गेलियनच्या तालात चौदा वर्षे ऐकू येत नाहीत. ज्याला हे ठाऊक नाही अशा श्रोत्याला केवळ ऐकून ते ओळखता यावयाचे नाही. मग जे ऐकू येत नाही त्याच्यासाठी गुण देण्यात काय अर्थ? परंपरेप्रमाणे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली तेव्हा ज्ञानदेव पंधरा-सोळा वर्षांचे होते. तो ग्रंथ वाचताना कोणी वयाची सवलत देत नाही, किंबहुना तसे करणे हास्यास्पद वाटेल. ही तुलना कृतींची नव्हे, वाचण्याच्या रीतीची आहे. अधिक जवळचे उदाहरण कुमार गंधर्वांचे. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेला हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब म्हणून दाखवी, आणि लोक थक्क होत. त्या थक्क होण्यात गाण्याचा विचार थोडा व नवलाचा भाग मोठा होता. पुढे १९४८ पासून देवासला राहून त्यांनी जे स्वतःचे गाणे घडविले, ते ऐकताना बालपणीच्या चमत्काराची कोणाला आठवणही होत नाही. ‘डेथ एंजल’च्या बाबतीत दुर्दैव असे की, नवलाच्या वयातच त्यांनी स्वतःचे काही रचले होते, पण ते नवलाखालीच दडून गेले.

नात्याची गोष्ट निराळी. ती ऐकू येते. लय वारंवार बदलत असता पाच वादकांपैकी कोणीही चाचपडत नाही. ही जूट लहानपणापासून एका घरोब्यात एकत्र वाजविणाऱ्यांची आहे, आणि ‘किल ॲज वन’मध्ये तर तीच रचनेचा आशय झाली आहे. घराण्याच्या तालमीत वाढलेल्या दोन भावांची जुगलबंदी आणि दोन स्वतंत्र वादकांची जुगलबंदी यांतील फरक आमच्या श्रोत्यांना परिचित आहे. तो फरक येथेही आहे.

वंशाची गोष्ट या दोहोंच्या मध्ये पडते. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेने स्थलांतरावरील वंशनिहाय बंधने सैल केली, आणि त्यानंतर फिलिपिनो कुटुंबे मोठ्या संख्येने डेली सिटीत येऊन वसली. २०१० च्या जनगणनेत तेथील सुमारे एक तृतीयांश वस्ती फिलिपिनो वंशाची होती. या ध्वनिमुद्रिकेत फिलिपाइन्सच्या लोकसंगीताचा अंश शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही, आणि तो नाही म्हणून दोष देणेही अयोग्य. परंतु एक दुवा असा आहे की जो विशेषतः गोमंतकातील वाचकांच्या चटकन ध्यानात येईल. फिलिपाइन्समध्ये १५६५ ते १८९८ स्पेनची सत्ता होती. गोव्यात १५१० ते १९६१ पोर्तुगालची. दोन्हीकडे चर्चच्या आश्रयाने पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या रुजले. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शांघाय व हाँगकाँगच्या नृत्यगृहांत फिलिपिनो वादक, आणि मुंबई, कलकत्ता, कराची येथील वाद्यवृंदांत गोमंतकीय वादक, अशी जणू आशियाची वाटणीच झाली होती. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्यांनी हिंदी चित्रपटसंगीताला वाद्यवृंदाची भाषा दिली, हे सर्वश्रुत आहे. या दोन्ही समाजांच्या वाट्याला एकच प्रमाणपत्र आले : हे उत्तम वाजविणारे आहेत. ते रचणारे आहेत, असे म्हणावयास मात्र जगाने फार वेळ घेतला. डेली सिटीच्या या पाच मुलांनाही ‘काय वाजवितात!’ असेच म्हटले गेले. ‘काय रचले आहे!’ असे म्हणण्यासाठी ती निःशब्द रचना पुरेशी होती.

७

या उपेक्षेला बाह्य कारणेही होती. १९८६ मध्ये मानदंड ठरून गेल्यावर वर्षभराने ही ध्वनिमुद्रिका आली. १९८८ साली ‘फ्रॉलिक थ्रू द पार्क’ आणि १९९० साली गेफेन या बड्या कंपनीने काढलेली ‘ॲक्ट थ्री’ या पुढील कृतींत वृंदाने इतर संगीतप्रकारांकडे दृष्टी वळविली, आणि प्रौढ ‘ॲक्ट थ्री’पुढे पहिली कृती पोरवयाची ठरविली गेली. १९९० सालीच ॲरिझोनात त्यांच्या प्रवासी गाडीला भीषण अपघात होऊन गेलियन गंभीर जखमी झाला, आणि १९९१ मध्ये वृंद मोडला. दहा वर्षांनी, २००१ साली, कर्करोगाने आजारी असलेल्या एका सहकलावंताच्या साहाय्यार्थ सॅन फ्रान्सिस्कोत झालेल्या जलशात तो पुन्हा उभा राहिला; मूळ पाचांपैकी कॅव्हेस्टानी व ओसेग्वेडा या दोघांनी तो पुढे चालविला. २०२० च्या ग्रॅमी पारितोषिकांसाठी ‘ह्यूमॅनिसाइड’ या रचनेचे नामांकन झाले, तेव्हाही वृत्तांतांतून चौदा वर्षांच्या तालवादकाची आठवण निघालीच. तोपर्यंत तो तालवादक वृंद सोडून गेल्यासही दशकाहून अधिक काळ लोटला होता.

हा प्रश्न दूर कॅलिफोर्नियातील एका वाद्यवृंदापुरताच असता, तर आम्ही त्यावर एवढी पाने खर्च केली नसती. सवलतीची स्तुती आमच्या परिचयाची आहे. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत लिहिणाऱ्या लेखकाचे पुस्तक पुण्या-मुंबईच्या परीक्षणांत पोचते, तेव्हा ‘परप्रांतात राहूनही भाषा किती शुद्ध!’ असे म्हणून त्याची बोळवण होताना आम्ही पाहिली आहे. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु त्या एका ‘राहूनही’ने पुस्तक न वाचता बाजूला ठेवण्याची सोय होते. ग्वाल्हेरच्या भा. रा. तांबे यांना अशी सवलत कोणी देत नाही. त्यांची कविता कविता म्हणून वाचली जाते, आणि म्हणूनच तिच्यातील उणिवाही मोकळेपणाने दाखविल्या जातात. उणिवा दाखविल्या जाणे हा लेखकाचा मानच आहे.

आमच्या व्यवसायबंधूंना तर हा मोह नित्याचा. वर्गातील एखाद्या मुलाने कविता लिहून आणली की ‘तुझ्या वयाला फारच छान’ असे आम्ही म्हणतो. ते ऐकून मुलगा प्रथम आनंदतो आणि घरी जाता जाता खट्टू होतो, कारण आपली कविता वाचली गेली नाही हे त्याला कळलेले असते. त्याऐवजी दुसऱ्या ओळीत यती का मोडला आणि चौथी ओळ का साधली, हे त्याला सांगितले, तर त्याला थोडे लागेल. पण आपल्याला कवी समजून कोणी बोलले, हे त्याच्या स्मरणात राहील.

‘द अल्ट्रा-व्हायोलन्स’ ही थोर कृती आहे असा आमचा दावा नाही. तिच्या आठ रचनांपैकी तीन—‘थ्रॅशर्स’, ‘किल ॲज वन’ आणि तिचे नाव धारण करणारी निःशब्द रचना—या प्रकारातील उत्तमोत्तम रचनांच्या शेजारी बसण्याच्या योग्यतेच्या आहेत. तीन मध्यम, आणि उरलेल्या दोन नसत्या तरी चालले असते. असा हिशेब कोणाला कोरडा वाटेल. परंतु गेल्या जवळजवळ चाळीस वर्षांच्या कौतुकात हाच करावयाचा राहून गेला होता.